ॲनॉर्थाइट : गुणधर्म आणि आढळ

तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात, कावेरी नदीपासून फारसे दूर नसलेले सित्तमपुंडी नावाचे एक खेडे आहे. त्याच्या आसपास पांढुरक्या, करड्या रंगाचा एक खडक जमिनीबाहेर डोकावताना दिसतो. त्यात अधूनमधून काळपट हिरव्या खनिजांचे ठिपके व पट्टे असतात. वाटसरूने थांबून पाहावे असे या दगडात काही नाही. त्याला रत्नाची झळाळी नाही की धातुकाचे वजन नाही. तथापि हाच खडक ज्या खनिजाचा मुख्यत्वेकरून बनलेला आहे, त्याच खनिजाने चंद्राचा उजळ पृष्ठभाग बनलेला आहे. ज्या काळ्या डागांमुळे आपल्या पूर्वजांनी चंद्राला शशांक किंवा मृगांक म्हटले, ते डाग बेसाल्ट खडकाच्या मैदानांचे आहेत. परंतु त्या डागांभोवतीचा जो शुभ्र भाग डोळ्यांत भरतो, तो ॲनॉर्थाइट या फेल्स्पार खनिजाचा आहे.

एकाच खनिजाने पृथ्वीवरील एक खेडे आणि आकाशातील एक गोल यांना कसे जोडले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम त्या खनिजाचे कूळ पाहिले पाहिजे.

फेल्स्पारांचे कूळ

पृथ्वीच्या कवचातील सुमारे निम्मा भाग फेल्स्पार गटाच्या खनिजांनी व्यापलेला आहे. ग्रॅनाइटातील गुलाबी किंवा पांढरे दाणे, बेसाल्टातील सूक्ष्म पट्ट्या, पट्टिताश्मातील फिकट थर हे सर्व बहुधा फेल्स्पारच असतात. मूळ जर्मन नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ शेत आणि दुसऱ्याचा अर्थ सहज फुटणारे चकचकीत खनिज असा आहे. शेतात पडलेल्या दगडांतसुद्धा सापडणाऱ्या खनिजाला हे नाव शोभून दिसते.

फेल्स्पारांची अंतर्रचना सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या चतुष्फलकांवर आधारलेली आहे. एका सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन अणू दोन चतुष्फलकांत सामाईक असतो. अशा रीतीने चहूकडे पसरलेली एक त्रिमितीय जाळी तयार होते. डब्ल्यू. एच. टेलर यांनी १९३३ मध्ये सॅनिडीन या फेल्स्पाराची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, तेव्हा या जाळीचे खरे स्वरूप प्रथम स्पष्ट झाले.

या जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनाच्या जागी ॲल्युमिनियम येते. सिलिकॉनावर चार धन विद्युत्‌भार असतात, तर ॲल्युमिनियमावर तीनच. ही उणीव भरून काढण्यासाठी जाळीच्या पोकळ्यांत पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम यांचे आयन येऊन बसतात. चारांपैकी एका चतुष्फलकात ॲल्युमिनियम असेल, तर पोटॅशियम किंवा सोडियम यांचा एक भार पुरेसा होतो. पोटॅशियम आल्यास ऑर्थोक्लेज, मायक्रोक्लीन किंवा सॅनिडीन ही खनिजे बनतात; सोडियम आल्यास अल्बाइट बनते. चारांपैकी दोन चतुष्फलकांत ॲल्युमिनियम असेल, तर मात्र दोन भारांचा आयन लागतो आणि तो कॅल्शियमाचा असतो. हेच ॲनॉर्थाइट होय. त्याचे रासायनिक सूत्र एक कॅल्शियम, दोन ॲल्युमिनियम, दोन सिलिकॉन व आठ ऑक्सिजन असे मांडता येते.

अल्बाइट आणि ॲनॉर्थाइट यांच्या दरम्यान कोणतीही ठाम भिंत नाही. सोडियम व सिलिकॉन यांची जोडी जाऊन तिच्या जागी कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांची जोडी येऊ शकते आणि ही अदलाबदल कोणत्याही प्रमाणात होऊ शकते. त्यामुळे या दोन टोकांमध्ये एक अखंड मालिका तयार झाली आहे. तिला प्लॅजिओक्लेज मालिका म्हणतात. अभ्यासाच्या सोयीसाठी तिचे सहा भाग पाडलेले आहेत : अल्बाइट, ऑलिगोक्लेज, अँडेसाइन, लॅब्रॅडोराइट, बायटोनाइट आणि ॲनॉर्थाइट. ज्या प्लॅजिओक्लेजात कॅल्शियमयुक्त घटक शेकडा ९० पेक्षा अधिक असतो, त्यालाच ॲनॉर्थाइट हे नाव दिले जाते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील प्लॅजिओक्लेज सामान्यतः लॅब्रॅडोराइटाच्या जवळपास असते. म्हणजे महाराष्ट्रातील वाचकाच्या पायाखाली ॲनॉर्थाइटाचे जवळचे भावंड सर्वत्र पसरलेले आहे. नाशिककडे चढणाऱ्या घाटांतील काही लाव्हा थरांत तर या भावंडाचे काही सेंटिमीटर लांबीचे पांढरे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

बाह्य लक्षणे

ॲनॉर्थाइट रंगहीन, पांढरे किंवा करडे असते. क्वचित त्यावर लालसर छटा असते. चमक काचेसारखी, पाटनपृष्ठांवर किंचित मोत्यासारखी असते. कठिनता ६ ते ६·५ आहे. म्हणजे चाकूचे पाते त्यावर ओरखडा काढू शकत नाही, परंतु गारगोटी काढू शकते. विशिष्ट गुरुत्व सुमारे २·७६ आहे. अल्बाइटाचे २·६२ असते. हा फरक हाताला जाणवणारा नाही. परंतु पुढे दिसून येईल की, चंद्राचा इतिहास अशाच लहानशा फरकांवर अवलंबून होता.

स्फटिक त्रिनताक्ष प्रणालीचे असतात. या प्रणालीतील तिन्ही अक्ष एकमेकांना तिरपे असून कोठेही काटकोन नसतो. खनिज दोन दिशांनी स्वच्छ फुटते आणि त्या दोन पृष्ठांमधील कोन सुमारे ८६ अंशांचा असतो. ऑर्थोक्लेजात हाच कोन नेमका ९० अंशांचा असतो. ऑर्थोक्लेज या ग्रीक नावाचा अर्थच सरळ कोनात फुटणारे असा आहे आणि प्लॅजिओक्लेज म्हणजे तिरपे फुटणारे. गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२३ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या परिसरातील माँटे सोम्मा येथील स्फटिक मोजून ॲनॉर्थाइट हे नाव दिले. त्याचा अर्थही 'सरळ नसलेले' असाच आहे.

प्लॅजिओक्लेज ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याचे जुळे स्फटिक. एकाच स्फटिकात कागदासारखे पातळ असंख्य पदर एकाआड एक उलटसुलट जोडलेले असतात. भिंगातून पाहिल्यास पाटनपृष्ठावर समांतर बारीक रेघा दिसतात. खडकाचा पातळ काप करून तो ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काळ्या व पांढऱ्या पट्ट्या दिसू लागतात आणि काप फिरविला की काळ्यांचे पांढरे व पांढऱ्यांचे काळे होतात. हे पट्टे कोणत्या कोनात काळे पडतात, हे मोजून प्लॅजिओक्लेजातील कॅल्शियमाचे प्रमाण अजमावता येते.

रासायनिक दृष्ट्या शुद्ध ॲनॉर्थाइटात सिलिका सुमारे ४३ टक्के, ॲल्युमिना सुमारे ३७ टक्के आणि चुना सुमारे २० टक्के असतो. त्याची बारीक भुकटी कोमट हायड्रोक्लोरिक अम्लात टाकली, तर ती हळूहळू विरघळून सिलिकेचा चिकट गर मागे राहतो. अल्बाइटावर मात्र याच अम्लाचा फारसा परिणाम होत नाही. या भेदाचे कारण जाळीच्या रचनेत आहे. अम्ल जाळीतील ॲल्युमिनियम काढून घेते. ॲनॉर्थाइटात एक सोडून एक चतुष्फलक ॲल्युमिनियमाचे असते. ते निघून गेले की भिंतीतील प्रत्येक दुसरी वीट काढल्याप्रमाणे सर्व जाळी कोसळते. अल्बाइटात चौथी वीट जाते, पण भिंत उभी राहते. निसर्गातही हेच घडते. कर्बाम्लयुक्त पावसाच्या पाण्यात कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज लवकर कुजते, सोडियमयुक्त त्यानंतर आणि पोटॅशियम फेल्स्पार सर्वांत शेवटी. दख्खनच्या काळ्या जमिनीतील चिकण खनिजे व चुनखडीचे खडे यांचा बराचसा साठा बेसाल्टातील अशाच प्लॅजिओक्लेजाच्या विघटनातून आला आहे.

हरवलेले नाव

ॲनॉर्थाइटाच्या इतिहासात भारताचे नाव रोझ यांच्याही आधी येते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील खनिजसंग्राहकांचे लक्ष भारतातील एका अतिशय कठीण दगडाकडे वेधले गेले होते. येथील कारागीर रत्ने घासण्यासाठी त्याची पूड वापरीत. संस्कृतात त्याला कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्‌ आणि मराठीत कुरुंद म्हणतात. पाश्चात्त्य भाषांतील कोरंडम हे नावही येथूनच गेले. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देश सोडून इंग्लंडमध्ये राहिलेले काउंट द बूर्नों यांनी १८०२ मध्ये या कुरुंदाचे सविस्तर वर्णन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कर्नाटिक प्रदेशातून आलेल्या नमुन्यांत कुरुंदाभोवती एक पांढरे, दाणेदार खनिज त्यांना आढळले होते. ते त्यांना ज्ञात असलेल्या कोणत्याही खनिजाशी जुळेना. पुढे या खनिजाला त्यांनी इंडियनाइट असे नाव दिले.

कालांतराने पृथक्करणाच्या पद्धती सुधारल्या. तेव्हा इंडियनाइट आणि व्हीस्यूव्हियसचे ॲनॉर्थाइट ही एकच वस्तू असल्याचे स्पष्ट झाले. रोझ यांनी स्फटिकांचे कोन मोजून आणि रासायनिक घटक निश्चित करून आपल्या खनिजाची व्याख्या केली होती. बूर्नों यांच्यापाशी केवळ दाणेदार पिंड होते व त्यांवरून स्फटिकांचा आकार ठरविणे अशक्य होते. त्यामुळे ॲनॉर्थाइट हे नाव टिकले आणि इंडियनाइट हे नाव जुन्या सूचींत समानार्थी शब्द म्हणून तेवढे उरले. खनिजाला प्रथम पाहणाऱ्यापेक्षा त्याचे प्रथम नेमके मोजमाप करणाऱ्याला विज्ञानाने मान दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

कुरुंद व ॲनॉर्थाइट यांची सोबत मात्र योगायोगाची नव्हती. सित्तमपुंडीच्या खडकांतही ही दोन खनिजे एकत्र आढळतात. ॲल्युमिनियमाने समृद्ध अशा खडकावर प्रचंड उष्णता व दाब यांचा परिणाम झाला, म्हणजे जादा ॲल्युमिना कुरुंदाच्या रूपाने वेगळे होऊ शकते.

शिलारसातून स्फटिक

ॲनॉर्थाइट कसे तयार होते, या प्रश्नाचे उत्तर खाणीत नव्हे, तर प्रयोगशाळेतील भट्टीत मिळाले. वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेन यांनी शुद्ध ॲनॉर्थाइट व शुद्ध अल्बाइट यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणे वितळविली, ती ठरावीक तापमानावर बराच काळ ठेवली आणि नंतर एकाएकी थंड केली. १९१३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

शुद्ध ॲनॉर्थाइट सुमारे १,५५० अंश सेल्सियसला वितळते, तर अल्बाइट सुमारे १,१०० अंशांच्या किंचित वर वितळते. मिश्रण थंड होऊ लागले की प्रथम जे स्फटिक तयार होतात, ते भोवतालच्या द्रवापेक्षा कॅल्शियमाने अधिक समृद्ध असतात. तापमान उतरत जाते तसतसे ते द्रवाशी प्रक्रिया करून हळूहळू सोडियमयुक्त होत जातात. थंड होण्याची क्रिया जलद घडल्यास या प्रक्रियेला पुरेसा अवधी मिळत नाही आणि स्फटिकाच्या गाभ्यात कॅल्शियम व कडेला सोडियम असे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर राहतात. बेसाल्टातील अनेक स्फटिकांत हे थर सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पूर्वी तयार झालेले कॅल्शियमयुक्त स्फटिक द्रवापासून कोणत्याही कारणाने अलग झाले, म्हणजे वर तरंगले किंवा तळाशी बसले, तर एकाच शिलारसापासून दोन भिन्न खडक निर्माण होतील. जेथे प्लॅजिओक्लेजाचे स्फटिक असे एकवटतात, तेथे ९० टक्क्यांहून अधिक प्लॅजिओक्लेज असलेला खडक तयार होतो. त्याला ॲनॉर्थोसाइट म्हणतात. ॲनॉर्थाइट हे खनिजाचे व ॲनॉर्थोसाइट हे खडकाचे नाव आहे, हा भेद वाचकाने लक्षात ठेवावा.

पृथ्वीवरील आढळ

ॲनॉर्थोसाइट खडक भारतात अनेक ठिकाणी आहे. पश्चिम बंगालमधील बांकुरा व पुरुलिया जिल्ह्यांत, ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठी आणि तमिळनाडूतील ओड्डनछत्रम येथे त्याचे मोठे विस्तार आहेत. परंतु या खडकांतील प्लॅजिओक्लेज प्रायः अँडेसाइन किंवा लॅब्रॅडोराइट असते. कॅनडातील लॅब्रॅडोरचे प्रसिद्ध ॲनॉर्थोसाइटही याच वर्गातील. खऱ्या ॲनॉर्थाइटापर्यंत पोहोचणारे प्लॅजिओक्लेज ज्यात विपुल आहे, असे खडक जगात थोडेच आहेत आणि त्यांत सित्तमपुंडीचे स्थान अग्रगण्य आहे.

भारतीय भूवैज्ञानिक ए. पी. सुब्रमण्यम यांनी १९५६ मध्ये सित्तमपुंडीच्या खडकांचे विस्तृत संशोधन प्रसिद्ध केले. त्या वेळी हा भाग मद्रास राज्याच्या सेलम जिल्ह्यात मोडत असे. खडकांचा हा पट्टा लांब व अरुंद असून भूकवचाच्या हालचालींनी त्याला घड्या पडलेल्या आहेत. त्यात ॲनॉर्थोसाइटाबरोबर गॅब्रो, पायरोक्सिनाइट व अँफिबोलाइट यांचे थर असून क्रोमाइटाचेही पातळ थर आहेत. या थरांमुळे स्पष्ट होते की, हा सर्व समूह मूळचा एका थरयुक्त अग्निज राशीचा होता. शिलारसाच्या विशाल साठ्यात स्फटिक एकामागून एक तयार होत गेले आणि आपापल्या परीने साचत गेले. किरणोत्सर्गी पद्धतींनी केलेल्या कालमापनानुसार ही घटना सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर लवकरच हे खडक भूकवचात खोलवर गाडले जाऊन अत्यंत उच्च दाब व तापमान यांखाली रूपांतरित झाले.

पुढे प्लॅटिनम गटाच्या धातूंच्या शोधासाठीही भूवैज्ञानिकांनी या पट्ट्याचा अभ्यास केला. परंतु सित्तमपुंडीची खरी कीर्ती निराळ्याच दिशेने यावयाची होती.

चंद्रावरील आढळ

१९६९ मध्ये अपोलो-११ चे अंतराळवीर चंद्राच्या एका काळ्या मैदानात उतरले. त्यांनी आणलेल्या मातीत बहुतेक सर्व कण बेसाल्टाचे होते, हे अपेक्षितच होते. परंतु जॉन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माती काळजीपूर्वक निवडली, तेव्हा काही मोजके कण पांढरे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ते ॲनॉर्थोसाइटाचे होते. काळ्या मैदानात पांढरे कण आले कोठून? दूरच्या उंच प्रदेशावर अशनी आदळल्यामुळे उडालेले ते तुकडे असावेत, असा तर्क त्यांनी केला. मग तो संपूर्ण उंच प्रदेशच ॲनॉर्थोसाइटाचा असला पाहिजे.

येथे एक मूलभूत वाद उभा राहिला. चंद्र जन्मतः थंड होता की तप्त, याविषयी त्या काळी तज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. चंद्र थंड कणांच्या एकत्रीकरणातून बनला आणि कायम थंडच राहिला, असे मानणारे थोर शास्त्रज्ञ होते. परंतु संपूर्ण गोलाचे कवच जर एकाच खनिजाचे असेल, तर ते खनिज कोठून तरी गोळा झाले असले पाहिजे. आणि एवढ्या प्रचंड प्रमाणात ते गोळा होण्याचा एकच मार्ग संभवतो. चंद्राचा बाह्य भाग शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत वितळलेला असला पाहिजे. या शिलारसाच्या महासागरात प्रथम ऑलिव्हीन व पायरोक्सीन ही जड खनिजे तयार होऊन तळाशी बसली. उरलेला द्रव लोहाने समृद्ध व म्हणून जड होत गेला. त्यानंतर जेव्हा ॲनॉर्थाइटाचे स्फटिक बनू लागले, तेव्हा ते त्या द्रवाहून हलके असल्यामुळे पाण्यावर बर्फ यावा तसे वर आले आणि त्यांचे कवच झाले. काही दशांशांच्या विशिष्ट गुरुत्वाने एका जगाचा रंग ठरविला.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट व जेम्स अर्विन यांना ॲनॉर्थोसाइटाचा एक जवळजवळ शुद्ध तुकडा सापडला. त्याचे वजन २६९ ग्रॅम होते. त्यातील जुळ्या स्फटिकांच्या रेघांची चमक अंतराळवीरांना तेथेच ओळखू आली, कारण भूवैज्ञानिकांनी त्यांना पृथ्वीवरील खडकांवर महिनोन्‌महिने शिकविले होते. 'उत्पत्तीचा खडक' या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याचे वय चारशे कोटी वर्षांहून अधिक आहे.

सर्वच चंद्राचे नमुने आणणे शक्य नव्हते. म्हणून दूरवरून परीक्षण करणे भाग होते. ॲनॉर्थाइटातील किंचित लोहामुळे ते अवरक्त प्रकाशातील एक विशिष्ट पट्टा शोषून घेते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी भारताने सोडलेल्या चांद्रयान-१ वरील खनिज-नकाशा यंत्राने, तसेच जपानच्या कागुया यानाने, चंद्रावरील अनेक ठिकाणी हा पट्टा ओळखून शुद्ध ॲनॉर्थोसाइट असल्याचे दाखवून दिले.

नामक्कलची माती

चंद्रावर यान उतरवावयाचे तर ते कशा प्रकारच्या मातीवर उतरणार, हे आधी पृथ्वीवर तपासून पाहावे लागते. यानाचे पाय मातीत किती रुततील, फिरत्या गाडीची चाके घसरतील की पकड घेतील, या प्रश्नांची उत्तरे केवळ कागदावर मिळत नाहीत. त्यासाठी चंद्राच्या मातीसारखी माती टनांच्या प्रमाणात लागते. परदेशांत अशी कृत्रिम माती तयार होते. पण ती आणणे अतिशय खर्चाचे होते. शिवाय भारतीय यानाला चंद्राच्या उंच प्रदेशात उतरावयाचे होते व त्यासाठी बेसाल्टाची नव्हे, तर ॲनॉर्थाइटाची माती पाहिजे होती.

अशा वेळी सित्तमपुंडीची आठवण झाली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सेलमचे पेरियार विद्यापीठ, तिरुचिरापल्लीची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था इत्यादींच्या सहकार्याने सित्तमपुंडी व जवळच्या कुन्नमलै येथील खडकांची पारख केली. खडक दळून, निरनिराळ्या आकारांचे कण ठरावीक प्रमाणात मिसळून, चंद्राच्या मातीशी मिळतीजुळती माती सिद्ध करण्यात आली व ती बंगळूर येथे परीक्षणासाठी नेण्यात आली. या मातीसाठी संस्थेला २०२० मध्ये पेटंट मिळाले.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-२ चे अवतरण अयशस्वी झाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मात्र दक्षिण ध्रुवाच्या दिशेकडील उंच प्रदेशात सुखरूप उतरले. त्यातून बाहेर पडलेल्या प्रज्ञान या गाडीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनविलेले एक यंत्र होते. ते क्युरियमापासून निघणाऱ्या किरणांचा मातीवर मारा करी आणि त्यामुळे बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून मातीतील मूलद्रव्ये ओळखी. अवतरणस्थळाच्या परिसरात अशी २३ मापने घेण्यात आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या मातीत मुख्यत्वे लोहयुक्त ॲनॉर्थोसाइटाचे घटक असून, तिच्यात खोलवरून आलेल्या मॅग्नेशियमयुक्त द्रव्याची थोडी भर पडलेली आहे. यापूर्वीचे नमुने विषुववृत्ताच्या आसपासचे व मध्य अक्षांशांतील होते. ध्रुवाकडील प्रदेशातही तीच माती असावी, ही गोष्ट शिलारसाच्या महासागराच्या कल्पनेला बळकटी देणारी आहे.

एक खनिज, दोन इतिहास

सित्तमपुंडी व चंद्र यांचे हे साम्य पाहून, पृथ्वीवरही एके काळी असाच ॲनॉर्थाइटाचा तरंगता थर होता व सित्तमपुंडी हा त्याचा अवशेष आहे, असे मानण्याचा मोह होतो. १९७० मध्ये ब्रायन विंडली यांनी पृथ्वीवरील अतिप्राचीन ॲनॉर्थोसाइटे व चंद्रावरील खडक यांच्यातील सारखेपणाकडे लक्ष वेधले, तेव्हापासून हा विषय चर्चेत आहे. परंतु साम्याबरोबर भेदही तपासले पाहिजेत.

पहिला भेद वयाचा. चंद्राचे कवच चारशे कोटी वर्षांहून जुने. सित्तमपुंडीचे खडक त्यानंतर दीडशे कोटी वर्षांहून अधिक काळाने जन्मलेले. दुसरा भेद पाण्याचा. सित्तमपुंडीच्या ॲनॉर्थोसाइटात जे काळपट हिरवे ठिपके दिसतात, ते बहुधा हॉर्नब्लेंडाचे असतात आणि हॉर्नब्लेंडाच्या घटनेत पाण्याचा अंश असावाच लागतो. चंद्राच्या ॲनॉर्थोसाइटात हॉर्नब्लेंड नाही. त्याच्या जागी पायरोक्सीन व ऑलिव्हीन ही कोरडी खनिजे आहेत. प्रयोगांवरून असे दिसते की, शिलारसात पाणी मिसळलेले असल्यास त्यातून निघणारे प्लॅजिओक्लेज अधिक कॅल्शियमयुक्त होते. म्हणजे चंद्रावर सोडियमाच्या मूळच्या दुर्भिक्षामुळे जे घडले, ते पृथ्वीवर पाण्याच्या विपुलतेमुळे घडले. दोन निराळ्या वाटा एकाच खनिजापाशी येऊन मिळाल्या.

खनिजशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथून एक धडा घ्यावयास हवा. खनिज ओळखता आले म्हणजे त्याचा इतिहास कळला असे होत नाही. इतिहास कळण्यासाठी ते कोणाच्या सोबतीने आढळते, हे पाहावे लागते. कृत्रिम माती बनविण्यापुरते सित्तमपुंडी व चंद्र एकच. उत्पत्तीचा विचार करू लागताच ते वेगळे होतात.

उपयोग

पोटॅशियम व सोडियम फेल्स्पारांना काच व चिनी माती यांच्या उद्योगांत मोठी मागणी असते, कारण ते तुलनेने कमी तापमानावर वितळून इतर घटकांना सांधतात. ॲनॉर्थाइटाचा वितळबिंदू उंच असल्याने या कामी त्याचा उपयोग मर्यादित आहे. ॲल्युमिनाचे प्रमाण मोठे असल्यामुळे व अम्लात ते सुटे होत असल्यामुळे, ॲनॉर्थोसाइटापासून ॲल्युमिनियम मिळविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेमध्ये झाले. परंतु बॉक्साइटापासून मिळणाऱ्या धातूपुढे ते किफायतशीर ठरले नाहीत.

चंद्रावर मात्र हिशेब निराळा राहील. तेथे बॉक्साइट नाही, कारण बॉक्साइट घडविणारा पाऊस नाही. ॲनॉर्थाइटाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन व १९ टक्के ॲल्युमिनियम असते. भविष्यकाळात माणसाला चंद्रावर दीर्घकाळ राहावयाचे झाल्यास श्वसनासाठी वायू व बांधणीसाठी धातू या दोन्ही वस्तू याच पांढऱ्या मातीतून काढाव्या लागतील, या दृष्टीने अनेक देशांत प्रयोग चालू आहेत.

चंद्रावरून माती व खडक परत आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान-४ या मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. ती सफल झाली, तर भारतीय प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली प्रथमच भारताने स्वतः आणलेल्या चांद्रखडकाचा पातळ काप ठेवला जाईल. तो ओळखण्यासाठी कोणत्याही नव्या विद्येची गरज पडणार नाही. काप फिरविला की पांढऱ्या पट्ट्या काळ्या होतील व काळ्या पांढऱ्या होतील. शेजारी सित्तमपुंडीच्या खडकाचा काप ठेवला, तर त्याच पट्ट्या तेथेही दिसतील; फक्त हॉर्नब्लेंडाचे हिरवे ठिपके एका कापात असतील आणि दुसऱ्यात नसतील.